गेटवर वाळत घातलेला झेंडा

भागवत, तुझ्या दहाव्याला मी चार वाक्यं बोललो आणि त्यातलं तिसरं खोटं होतं.

माझ्या आधी बोलणाऱ्यांनी तुला आदर्श शिक्षक, मनमिळाऊ, अजातशत्रू असं सगळं करून टाकलं होतं. मग कुणीतरी माइक माझ्यापुढे धरला, कारण एकाच शाळेत अकरा वर्षं मी तुझा मुख्याध्यापक होतो. मी म्हणालो, भागवत माझा मित्र होता. म्हणालो, पोरांना शिकवावं तर त्यानंच. आणि मग म्हणालो, "उत्साहाच्या भरात त्याच्या हातून एखादी चूक झालीही असेल, पण मन निर्मळ होतं." चौथ्या वाक्यात तुला शांती मागितली. लोक माना डोलवत होते. सुनंदावहिनी पदर तोंडाला लावून खाली बघत होत्या. मी जागेवर येऊन बसलो आणि कुणी माझ्याकडे निरखून बघत नाही याचं मला बरं वाटलं.

ती चूक तुझी नव्हती, माझी होती. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. आता तू गेलास म्हणजे ठाऊक असणारा मी एकटाच उरलो, असं त्या मांडवात बसल्या बसल्या माझ्या मनात आलं. खरं ते सांगतो, त्यात मला थोडं हायसं वाटलं. माणूस किती खाली जाऊ शकतो याचा अंदाज त्याला स्वतःलाही नसतो. त्यानंतरच्या दिवसांत जे झालं ते तुला सांगायचं आहे, म्हणून हे लिहायला बसलो. मधेच तू "आटप बे हेडमास्तर" म्हणणार नाहीस, तेव्हा थोडं लांबलं तर चालवून घे.

केजपासून शाळा चौदा किलोमीटर. गाडी माझी, पेट्रोल तुझं, आणि भांडण दोघांचं. तू मागे बसायचास आणि वाऱ्यात ऐकू यावं म्हणून माझ्या कानात ओरडायचास. रस्त्यातल्या माणसांना वाटायचं, हे दोन मास्तर रोज सकाळी हातघाईवर येऊनच शाळेत पोचतात. भांडणाचा विषय बहुतेक एकच असायचा. देशानं आपला झेंडा निवडला कसा, हे तुझं वेड होतं. बाकीच्यांना पंधरा ऑगस्टला झेंडा आठवतो. तुला बावीस जुलै आठवायचा, घटना समितीनं उभं राहून झेंडा स्वीकारला तो दिवस. त्या दिवशी तू कडक इस्त्रीचा सदरा घालून यायचास आणि मी विचारायचो, "कुणाचं लग्न आहे?"

"निवडला म्हणे," मी म्हणायचो. "दिल्लीत थोडे लोक बसले आणि त्यांनी ठरवला. आपल्या आज्याला कुणी विचारलं होतं? आपण तेव्हा निजामाच्या मुलखात. त्या सभेत आपल्याकडचा कुणी बसलेलाच नव्हता."

"आरं पण तोच झेंडा लावला म्हणून हितली माणसं जेलात गेली की. तेरा महिने त्यो लपवून ठिवावा लागला आपल्याकडं. मग त्यांनी निवडला न्हाई तर काय केलं?"

"आयता घेतला."

"आयत्या वस्तूपायी कुणी जेलात जातंय का बे?"

मी मुद्दाम वाद लावून धरायचो. तू चिडलास की तुझी भाषा आणखी रांगडी व्हायची आणि मला ती ऐकायला आवडायची. पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, माझं म्हणणं मला खरंच वाटायचं. वर काहीतरी ठरतं, खाली परिपत्रक येतं, आपण जावक क्रमांक टाकून अंमलबजावणी करतो. मी आयुष्यभर याच पद्धतीनं जगलो. तू म्हणायचास, "ठराव करणारे थोडे असत्यात, स्वीकारणारे समदे. आन् ज्यानं त्यानं आपापला स्वीकारायचा असतोय." हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

जुलै उजाडला की सातवीच्या वर्गाचं तू सभागृह करायचास. बाकं घोड्याच्या नालेसारखी मांडायची, मध्ये सभापती, त्याच्यापुढं स्टीलचा पेला आणि चमचा, गोंगाट वाढला की वाजवायला. विषय दर वर्षी एकच, आपल्या गावाला झेंडा असला तर कसा असावा. नियम तुझे. विरोध करणाऱ्यानं त्याऐवजी काय ते सांगायचं. आपल्या गल्लीसाठी, आपल्या जातीसाठी रंग मागायचा नाही. एका वर्षी एका पोरानं हट्टच धरला तेव्हा तू सांगितलंस, "देशाच्या झेंड्यालाबी असंच चाललं होतं. हा म्हणतोय आमची पट्टी, तो म्हणतोय आमची. समद्यांच्या पट्ट्या जोडल्या असत्या तर झेंड्याची गोधडी झाली असती. म्हणून शेवटी ठरलं, रंग कुणाचाच न्हाई." पोरं ऐकत राहिली. शेवटचा ठराव उभं राहूनच मंजूर व्हायचा, आणि सगळं इतिवृत्त तू दोनशे पानी वहीत लिहून काढायचास.

मी दारातून डोकावून म्हणायचो, "सभा झाली असेल तर स्कॉलरशिपचा सराव घ्या." दहा वर्षं मी तेवढंच म्हणालो.

अकराव्या वर्षी सभापती शीतल होती. तुला आठवण करून द्यायला नको, पण दुसऱ्या कुणी वाचलं तर कळावं म्हणून सांगतो. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ही मामाकडं राहून शिकायची. बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. त्या वर्षी काळा आणि पांढरा असे दोन रंग ठरले. खालचा काळा जमिनीचा, वरचा पांढरा कापसाचा. मधे काय, यावर दोन दिवस वाद चालला. एका पोरानं कोयता सुचवला. अर्धं गाव कोयत्यावर जगतं, त्याचं काय चुकलं? वर्गानं बाकं बडवली. तेवढ्यात एका डावखुऱ्या पोरीनं चित्राचा कागद खिडकीला धरला, मागून बघितला आणि म्हणाली, "सर, ह्या बाजूनं कोयता माझ्या हाताचा होतोय."

मी त्या वेळी खिडकीच्या बाहेर उभा होतो. उन्हात कागदातून आरपार दिसणारा कोयता मलाही दिसत होता, उलटा. तू जागचा न हलता म्हणालास, "चरख्याचंबी हेच झालतं. झेंड्यावर चरखा होता. पुढून एका हाताचा दिसायचा, मागून दुसऱ्या. झेंडा दोन्हीकडून सारखा पायजे. मग त्यांनी काय केलं आसंल?" मग शीतल पेला वाजवायचं विसरून म्हणाली, "नुसतं चाक ठिवलं."

भागवत, अकरा वर्षांत पहिल्यांदा मी आत येऊन मागच्या बाकावर बसलो. पोरांनी कोयता काढून बैलगाडीचं चाक घेतलं. कोयता सुचवणारा रुसला. तू त्याला चाकाला आरे किती ते ठरवायला लावलंस आणि त्याचा रुसवा गेला. मला पहिल्यांदा कळलं, निवडणं म्हणजे असं असतं. कुणाचं तरी जातं, आणि ज्याचं जातं त्यालाही उठून उभं राहता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी केजच्या बाजारातून काळं पॉपलिन आणि पांढरं मांजरपाट घेऊन आलो. आजवर कागदावरचा झेंडा पेटीत जायचा, या वर्षी कापडाचा करू, असं मीच म्हणालो. तू माझ्याकडं बघत राहिलास. म्हणालास, "हेडमास्तर, ताप हाय का?"

खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी दोन्ही कापडं जोडून दिली. गेरूत डिंक कालवून पोरांनी पांढऱ्यावर चाक रंगवलं. बावीस जुलैला ठराव झाला. बावीस पोरं उभी राहिली, तू उभा राहिलास, आणि मला मत नसताना मीही उभा राहिलो. त्या क्षणी मला फार आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्या आनंदातूनच झालं.

रंग वाळेना. आभाळ भरलेलं होतं. मधल्या सुट्टीत जरा ऊन पडलं. तू वर्गात इतिवृत्त लिहीत बसला होतास. मी झेंडा उचलला, शीतलला म्हणालो, दुसरं टोक धर, आणि शाळेच्या लोखंडी गेटच्या वरच्या दांडीवर तो वाळत घातला. ऊन आतल्या बाजूला होतं, म्हणून चाक आत केलं. शिवण बरोबर दांडीवर आली. आतल्या बाजूला पांढरं, चाकासकट. बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडं, नुसतं काळं. झेंडा दोन्हीकडून सारखा दिसला पाहिजे हे दोनच दिवसांपूर्वी ऐकलेला माणूस मी. आणि मी दोन पावलं मागं सरकून, आतून, कौतुकानं बघत उभा राहिलो. गावानंही जाता येता बघावा असं मला वाटत होतं.

शेजारच्या गावात कसलं तरी उद्घाटन होतं. त्याला येणाऱ्या मंत्रीसाहेबांच्या गाड्या आपल्याच रस्त्यानं जाणार आहेत हे मला माहीत नव्हतं, किंवा माहीत असून डोक्यात नव्हतं. सात-आठ गाड्या आल्या. मधली एक गेटपाशी हळू झाली, काच खाली आली, परत वर गेली. मी हात जोडून नमस्कार केला, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर गेटचा व्हिडिओ होता. शाळेनंच साहेबांना काळे झेंडे दाखवले, असं त्याखाली लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांची माणसं म्हणून सहा जण आले. गावचे दोन, बाकी बाहेरचे. मोठ्यानं कुणी बोललं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यातल्या एकानं विचारलं, "सर, हे काम कुणाचं?"

तू पाण्याच्या टाकीजवळ उभा होतास. पोरं वर्गाच्या दारात उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं. रंग वाळावा म्हणून मी घातला, एवढंच. कदाचित ते हसलेही असते. मी म्हणालो, "मला कल्पना नव्हती. सातवीचा वर्ग भागवत सर बघतात."

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही, फळ्यावरचं चुकलेलं गणित बघावं तसं. मग त्यांच्याकडं वळून म्हणालास, "पोरांनी गावासाठी केल्याला झेंडा हाय तो. साहेबांचा काय संबंध न्हाई. उघडून बघा, आत चाक हाय." त्यांनी उघडून बघितला नाही. गोळा करून गाडीत टाकला आणि निघून गेले. तो परत आला नाही.

वरून लेखी खुलासा मागवला तेव्हा मला दुसरी संधी मिळाली होती. रात गई बात गई म्हणून सोडून देण्यासारखं ते नव्हतं, आठवडाभर मुदत होती. मी लिहिलं, सदर कापड सहशिक्षकांनी परस्पर लावले. माझ्या हातानं, निळ्या शाईनं. केंद्रप्रमुखपदाच्या यादीत माझं नाव होतं, थोरलीचं लग्न ठरत होतं, आणि त्या सहा जणांची मला भीती वाटत होती. ही तिन्ही कारणं खरी आहेत. तिन्ही मिळूनही पुरत नाहीत. केंद्रप्रमुख तर मी झालोच नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं, असं तू म्हणाला असतास, पण तू त्यावरून मला एकदाही चिडवलं नाहीस. तुझ्यासारख्या चेष्टेखोर माणसानं ती एक चेष्टा सोडून दिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खुलाशाची प्रत तू माझ्या खोलीत बसून वाचलीस. सगळी वाचलीस, सही केलीस, माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायलास. म्हणालास, "अक्षर लई चांगलं हाय तुझं." आणि वर्गावर गेलास.

तुझ्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि तुला परळीच्या पलीकडं, धर्मापुरीच्या अंगाला पाठवलं. तात्पुरतं म्हणून. ते तात्पुरतं साडेतीन वर्षं चाललं. तुझ्या आईला अंथरुणातून उठवत नव्हतं, म्हणून वहिनी केजलाच राहिल्या आणि तू तिकडं खोली घेतलीस. शनिवारी यायचास, सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचास. तुला परत मागायला मी दोनदा अर्ज लिहिला. दोन्ही वेळा तो टेबलाच्या खणात राहिला, कारण तुला परत आणा म्हणायचं तर का पाठवलं होतं याचा विषय निघणार होता.

पहिल्या वर्षी तू दर रविवारी फोन करायचास. तिकडच्या पोरांनीही सभा भरवली, त्यांचा झेंडा हिरवा-पिवळा झाला, मधे देवळाचा खांब घ्यायचा का यावर तीन दिवस भांडले, असं सगळं सांगायचास. मला पाहुणा म्हणून बोलावलंस. मी म्हणालो, तपासणी आहे. तपासणी नव्हती. हळूहळू तुझे फोन महिन्यावर गेले. मी आपणहून कधी केला नाही. गाडीवरून एकटा जाताना मागची सीट हलकी लागायची आणि मी रस्ताभर काहीतरी गुणगुणत राहायचो, शांतता नको म्हणून.

शेवटचं भेटलास ते केजच्या स्टँडवर. पिशवी घेऊन एसटीतून उतरलास आणि खांबाला टेकून थांबलास. "दम लागतोय बे," म्हणालास, "म्हातारा झालो." मी म्हणालो, दाखवून घे. तू माझ्या कोपराला धरलंस. "रामेश्वर, एकदा निवांत बसू. बोलायचं हाय." मी म्हणालो, बसू की, आणि मीटिंग आहे सांगून निघालो. त्या दिवशी मीटिंग होती, ही एकच गोष्ट खरी. तुला काय बोलायचं होतं ते आता मला कधीच कळणार नाही. माझ्याबद्दल असेल असं मी धरून चाललोय, पण तुझ्या छातीतल्या दुखण्याबद्दलही असेल, किंवा आईबद्दल, किंवा नुसत्या त्या जुन्या वादाबद्दल. प्रत्येक गोष्ट माझ्याबद्दलच असते असं समजण्याची खोड तूच मला दाखवली होतीस.

महिन्याभरानं तुझ्या शाळेची पोरं सकाळी कुलूपबंद दारापुढं बसून राहिली. तू कधी उशीर करायचा नाहीस, म्हणून शेजारच्यांनी खोलीचं दार वाजवलं. जीपमध्ये घातलं तेव्हा तू होतास म्हणतात. परळीला पोचेपर्यंत नव्हतास.

दहाव्यानंतर लोक पांगत होते. मी गाडीपाशी आलो तर शीतल उभी होती. आता ती दहावीला आहे, सीटा भरल्या की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं केजला येऊन जाऊन शिकते. उंच झालीय. मला वाटलं नमस्कार करायला आलीय.

"सर, एक विचारू का?"

"विचार की."

"तुमी सरांची चूक कावून म्हणलात? झेंडा तर तुमी लावलता. एक टोक म्या धरलतं."

मी इकडंतिकडं बघितलं. हे माझ्या हातून सवयीनं झालं. ती खाली मान घालून, पण न थांबता सांगत गेली. तुझा शाळेतला शेवटचा दिवस. तू दार लावून सभा घेतलीस. ठराव तू मांडलास, झेंडा कुणी लावला हे गावात बोलायचं नाही. पोरांनी विरोध केला. तू नियमाप्रमाणं दोन्ही बाजूंना बोलू दिलंस. मग तू बोललास.

"काय म्हणाले सर?"

"म्हणले, हेडमास्तरांनी झेंडा कावून लावला? त्येंना आवडला म्हणून. आपला झेंडा आवडलेला गावात अजून एकच माणूस हाय. त्येलाच धरून द्यायचं का?"

"मग?"

"मतदान झालं. अठरा आन् तीन."

"तू?"

"सभापतीला मत नसतंय सर. असतं तर चार झाले असते."

साडेतीन वर्षं, भागवत. रस्त्यात, बाजारात, जीपमध्ये ही बावीस पोरं मला नमस्कार करत होती. पंधरा ऑगस्टला मी खरेपणावर बोलायचो आणि त्यातली काही मैदानात उभी असायची, धाकट्या भावंडांना घेऊन आलेली. त्यांच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. पोरं लहान होती, त्यांच्या ध्यानात राहिलं नसेल असं धरून मी समजत होतो की मी गुपित लपवून ठेवलंय. ते लपवत होती पोरं, आणि त्यांना ते ओझं तू माझ्यापायी दिलंस. तुझा राग आला मला त्या क्षणी. बारा वर्षांच्या लेकरांवर हे टाकायचा तुला काय अधिकार होता? मग लक्षात आलं, तुझ्यावर चिडणं मला किती सोयीचं आहे. आणि तरीही थोडा राग अजून आहे. तो ठेवून देतो, आपल्यात अपुरं राहिलेलं एवढंच एक भांडण नाही.

"आजवर बोलले न्हाई," शीतल म्हणाली, "सर म्हणायचे सभेनं केल्याला ठराव सभाच बदलू शकती. एकट्यानं बोलायचं न्हाई. पण आज तुमी माइकमधून बोललात, तवा ऱ्हावलं न्हाई." मग म्हणाली, "तुमी बोलावली तर सभा बसल."

मी दोन दिवस काही केलं नाही. हेही लिहून ठेवतो. तिसऱ्या दिवशी मी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, की साडेतीन वर्षांपूर्वीचा माझा खुलासा खोटा होता, कापड मी लावलं होतं, भागवतच्या सेवापुस्तकातला शेरा काढावा आणि माझ्यावर करायची ती कारवाई करावी. त्यावर काय होईल ते होईल. ते पोस्टात टाकून मी शीतलच्या मामाच्या घरी गेलो.

रविवारी सतरा पोरं जमली. चौघं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, एक पुण्याला. लहान बाकांत गुडघे मावत नव्हते, तरी त्यांनी तशीच घोड्याच्या नालेसारखी बाकं मांडली. व्हरांड्यात सरपंच होते, खिचडीच्या मावशी होत्या, आणि त्या सहा जणांतले गावचे दोघंही आले होते, मीच त्यांना बोलावलं होतं. वहिनींना मी केजहून घेऊन आलो होतो. कशाला ते सांगितलं नव्हतं. तुझ्या जुन्या शाळेत कार्यक्रम आहे म्हणून त्या आल्या, आणि तुझ्या वर्गातल्या खुर्चीवर बसल्या.

शीतलनं सांगितलं की आधी जुना ठराव मागं घ्यावा लागेल. कुणी बोलणार आहे का विचारलं. पूर्वी तुझ्या बाजूनं मत दिलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सरांनी सांगितलं म्हणून हात वर केलता. तवाबी बरं वाटलं न्हवतं." मग सगळी उभी राहिली.

मग मी बोललो. गेट, ऊन, शिवण, काळी बाजू, ते सहा जण, निळी शाई, सगळं सांगितलं. दहाव्याला बोललेलं तिसरं वाक्य परत म्हणून दाखवलं आणि ते खोटं आहे असं सांगितलं. व्हरांड्यातला एक जण उठून गेला. दुसरा बसून राहिला. एका पोरानं मला पाणी आणून दिलं, मी ते घेतलं नाही.

"कुणाला काही विचारायचंय का?" शीतलनं सभेला विचारलं.

वहिनी खुर्चीवरून उठल्या. त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, पण बोलायचं तर उभं राहायचं हे पोरांकडं बघून त्यांना कळलं असावं.

"भाऊजी, हे तवाच सांगितलं असतं, तर हे घरी असते का?"

सगळे माझ्याकडं बघत होते. सुटायला जागा होती. छातीचं दुखणं कुठंही आलं असतं, केजलाही आलं असतं, असं म्हणता आलं असतं. तू असतास तर तूच मला वाचवायला असलं काहीतरी बोलून मोकळा झाला असतास.

मी म्हणालो, "हो वहिनी. घरी असते."